सांगणारे साहेब

१

आवाजावरून माणूस ओळखायचं काम ऐकायला जितकं भारी वाटतं, तितकंच करायला कंटाळवाणं आहे. लग्नकार्यात कोणी ओळख करून दिली की ह्या मॅडम आवाजावरून चोर पकडतात, तर लोक लगेच खिशातून फोन काढून कोणाची तरी क्लिप ऐकवायला लागतात. मी त्यांना सरळ सांगते, मला चोर पकडता येत नाही. माझ्या टेबलावर दोन आवाज येतात. एक गुन्ह्यातला, एक आरोपीचा. दोन्ही एकाच गळ्यातून निघाले की नाही, एवढंच मी सांगते. तेही तीन आठवडे कान दुखवून घेतल्यावर.

मी लतिका देवपुजारी. नागपूरच्या एका प्रयोगशाळेच्या ध्वनिविभागात मला एकवीस वर्षं झाली. पुण्याहून बदलून आलेले आमचे एक साहेब माझं ‘मी आली, मी गेली’ दुरुस्त करायचे. ते बदलून परत गेले, मी अजून आली-गेलीच करून राहिली आहे.

आरोपीच्या आवाजाचा नमुना घ्यायची एक ठरलेली रीत आहे. ठाण्यातली एखादी शांत खोली घेतात. रेकॉर्डर सुरू झाला की तपास अधिकारी आधी तारीख, वेळ आणि खोलीत हजर असलेल्या प्रत्येकाचं नाव बोलतात. मग गुन्ह्यातलं वाक्य आरोपीकडून तीनदा म्हणवून घेतात. आरोपीला वाचता येत नसेल किंवा त्याला घाम फुटला असेल, तर कोणीतरी वाक्य आधी सांगतो आणि आरोपी त्याच्यामागून म्हणतो. सांगणाऱ्याचा आवाजही अर्थातच रेकॉर्ड होतो. तो आमच्या कामाचा नाही. आम्ही तो कापतो, ‘अन्य’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो आणि विसरतो. नियमाप्रमाणे काहीही पुसायचं नसतं म्हणून टाकायचा, नाहीतर ठेवलाही नसता. एकवीस वर्षांत मी ‘अन्य’ कधी उघडून ऐकलं नव्हतं. कचऱ्याची बादली कोण उघडून पाहतं?

२

बुटीबोरीच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यातलं प्रकरण मार्च महिन्यात आलं. तिथे खोलीएवढा मोठा लोखंडी ड्रम आहे. त्यात ओलं कापड फिरतं आणि वाळतं. महिन्यातून एकदा तो आतून साफ करावा लागतो. त्या दिवशी दोन मजूर आत शिरलेले होते. बाहेरच्या भिंतीवरच्या फोनवरून कोणीतरी कंट्रोल रूमला सांगितलं, ‘‘आत कोनी नाही. चालू करून द्या.’’ ऑपरेटरने बटण दाबलं. दोघंही गेले.

कंट्रोल रूमचे फोन रेकॉर्ड होतात. क्लिप साडेचार सेकंदांची. त्या भिंतीवर कॅमेरा नव्हता. त्या पाळीत फोनच्या आसपास काम असलेला माणूस एकच, नागसेन गजघाटे, हेल्पर, वय चौतीस. त्याचं म्हणणं, मी चहाला गेलो होतो. चहाच्या टपरीवर त्याला पाहिलेलं कोणी सापडलं नाही. ऑपरेटर म्हणाला, आवाज नागसेनसारखा वाटला. बाकी पुरावा शून्य. त्याला जामीन मिळाला नव्हता. तो घरी जाणार की दहा वर्षं आत बसणार, हे त्या साडेचार सेकंदांवर, म्हणजे आमच्या अहवालावर होतं.

त्याची बायको सरिता दर मंगळवारी बुटीबोरीहून बसने यायची आणि आमच्या फाटकासमोर रसवंतीच्या बाकावर बसून राहायची. तिला कोणी सांगितलं कोण जाणे, पण तिने मला बरोबर ओळखलं.

‘‘मॅडम, तुमीच ऐकून राह्यल्या ना त्यायचा आवाज?’’

‘‘प्रकरणाबद्दल मला बोलता येत नाही.’’

‘‘तुमी नोका बोलू जी. मीच सांगते. बारा वर्सं झाले लगनाले. ते फोनवर बोलतच नाही. कोनाचा फोन आला का माह्या हातात देऊन देते. लाजते.’’

मी तिला घरी जायला सांगितलं. ती हो म्हणाली आणि पुढच्या मंगळवारी परत आली. मला तिचा राग आला. राग यावा असं तिने काही केलं नव्हतं.

३

माझ्या हाताखाली नूपुर आहे. पोरगी कामाला चांगली, कान तर माझ्यापेक्षा तिखट. फक्त फाइलींना नावं देताना तिचं डोकं सेमिनरी हिल्सला फिरायला जातं. त्या दिवशी तिने फोनवरची क्लिप एका बाजूला लावली, दुसऱ्या बाजूला नागसेनचा नमुना लावला, आणि दहा मिनिटांत माझ्या टेबलापाशी आली.

‘‘मॅडम, जुळलं. इतकं जुळलेलं मी आजवर पाहिलंच नाही.’’

मी पडद्यावर पाहिलं. आलेख खरंच एकावर एक बसले होते. मग मी वरच्या ओळीत फाइलीचं नाव वाचलं.

‘‘नूपुर, हा नागसेन नाही. हे तू ‘अन्य’ लावलंस.’’

तिने जीभ चावली. मी तिला दोन शब्द सुनावले आणि खरा नमुना स्वतः लावला. नागसेनने वाक्य तीनदा म्हटलं होतं. पहिलं फारसं जुळत नव्हतं. दुसरं बऱ्यापैकी. तिसरं असं जुळलं की एरवी मी डोळे मिटून सही केली असती. कारण उघड होतं. माणूस ज्याच्यामागून म्हणतो, त्याच्यासारखा म्हणायला लागतो. शाळेत प्रतिज्ञा म्हणताना सगळा वर्ग एका चालीत येतो, तसं. नागसेन प्रत्येक वेळी सांगणाऱ्याच्या थोडा जवळ गेला होता.

प्रश्न नागसेनचा राहिलाच नव्हता. सांगणारा माणूस आणि फोनवरचा माणूस एकच होता. म्हणजे ठाण्याच्या खोलीत बसून आरोपीला वाक्य सांगणाऱ्याने कारखान्याच्या भिंतीवरून फोन केला होता. हे मला पटेना, म्हणून मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच आलं.

४

नमुना घेताना कागदपत्रं महादेवराव हवालदारांनी सांभाळली होती. मी त्यांना फोन केला.

‘‘महादेवराव, वाक्य कोणी सांगितलं नागसेनला?’’

‘‘कोनी नाही सांगतलं मॅडम. पोरगा बारावी झालेला हाय. कागद देल्ला हातात, त्यानं वाचलं.’’

‘‘रेकॉर्डिंगमध्ये सांगणारा आहे. तीनदा आहे.’’

मागे ठाण्यातला पंखा खडखडत होता.

‘‘हाव हाव, ते एक साहेब होते न. त्याच्या बाजूले बसले होते. ते तुमच्याच हाफिसचे होते ना?’’

‘‘आमच्या ऑफिसचं कोणी आलं नव्हतं.’’

‘‘मंग पंचाईपैकी असन बावा कोनी.’’

दोन्ही पंच कृषी कार्यालयातले कारकून होते. एकाने सांगितलं, ते साध्या कपड्यातले पोलीस होते. दुसरा म्हणाला, ते तर आरोपीच्या सोबत आले होते, वकील असतील. तपास अधिकारी माझ्यावरच चिडले. ‘‘तुमच्याकडचे तज्ज्ञ असतील असं वाटलं, मॅडम. तज्ज्ञाला नाव विचारून त्याचा अपमान कशाला करायचा?’’ सुरुवातीला जी हजर माणसांची नावं बोलली होती, ती सहा होती. त्या सहांपैकी प्रत्येकाने सातव्याला पाहिलं होतं. चेहरा कोणाच्या ध्यानात नव्हता. शर्ट कसा होता, त्यावरही दोन मतं.

ज्यांनी सरकारी कामं केली नाहीत त्यांना हे खोटं वाटेल. आम्हाला नाही वाटणार. कोणत्याही कारवाईत एक माणूस जास्तीचा असतोच, आणि तो नेहमी दुसऱ्या ऑफिसचा असतो. आपण त्याला चहा देतो, खुर्ची देतो, साहेब म्हणतो. मीही अशा किती साहेबांना खुर्ची दिली असेल, मला आठवत नाही.

५

शनिवारी दुपारी आमचा मजला रिकामा असतो. मी जुन्या हार्डडिस्क काढल्या आणि एकवीस वर्षांचं ‘अन्य’ ऐकायला बसली.

पहिले दोन तास नुसते पोलीसच होते. खोकणारे, तोंडात तंबाखूचा खर्रा धरून बोलणारे, आरोपीला शिवी देऊन मग रेकॉर्डिंगसाठी सभ्य होणारे. मला बरं वाटलं. मग उमरेडचं चौदा वर्षांपूर्वीचं प्रकरण लागलं. कोळसा खाणीतल्या एका मुकादमाला फोनवर धमकी आली होती आणि तिसऱ्या दिवशी तो मेलेला सापडला होता. सांगणारा म्हणाला, ‘‘उद्या घरी पोचून दाखव.’’ मागून आरोपी तेच म्हणाला. नागसेनला सांगणारा होता तोच हा आवाज. मी हेडफोन काढला, रुमालाने पुसला आणि परत लावला.

आवाजात विशेष असं काहीच नव्हतं. पन्नाशीचा पुरुष, मऊ, सभ्य. पोस्टाच्या खिडकीतला भला माणूस फॉर्म कुठे भरायचा ते सांगतो, तसा. धमकी सांगतानाही तसाच. फक्त एक गोष्ट होती. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो. झोपेत बरळणाराही घेतो. आलेखात तो पुसट धुरासारखा दिसतो आणि माझे डोळे आधी तिथेच जातात. ह्या आवाजाच्या आधी काही नव्हतं. शांतता होती, आणि मग शब्द होते.

कापताना श्वास कापला गेला असेल, असं मी स्वतःला म्हटलं. मूळ फाइली उघडल्या. तिथेही नव्हता. जुने रेकॉर्डर हलका आवाज पकडत नाहीत, असं म्हटलं. त्याच रेकॉर्डरने आरोपीचा श्वास, खुर्चीची करकर आणि बाहेरचा भंगारवाला पकडला होता.

मग रामटेकचं एक लागलं. मग उमरेडचं अजून एक. पाच वाजेपर्यंत मी एकतीस प्रकरणं ऐकली. अकरांत तो होता. चौदा वर्षांत माणसाचा आवाज वाळतो, खाली बसतो. माझा मला ओळखू येत नाही इतका बदलला आहे. त्याचा केसभर बदलला नव्हता. आणि अकराही वेळा गुन्ह्यातल्या आवाजाशी आरोपीपेक्षा तोच जास्त जुळत होता. अकराही अहवालांत मी ‘आवाज एकाच व्यक्तीचा आहे’ असं लिहून सही केली होती. अकराही जणांना शिक्षा झाली होती.

मला भीती वाटली. त्याची नंतर वाटली. आधी त्या अकरांची वाटली.

६

न्यायालयाची परवानगी काढून नागसेनचा नमुना मी पुन्हा घ्यायला लावला, आमच्या इथे, आमच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नाही. चारही भिंतींना आणि छताला स्पंज, दार दुहेरी, आणि एका बाजूला मोठी काच. आत टाळी वाजवली तरी ती परत येत नाही. नवीन माणसाला तिथे कानात दडे बसल्यासारखं होतं.

आत मी फक्त नागसेनला बसवलं. बाकी सगळे काचेच्या अलीकडे माझ्यासोबत. तपास अधिकारी, महादेवराव, दोन नवे पंच, नूपुर आणि मी. प्रत्येकाला त्याचं ओळखपत्र मागितलं. पंचांपैकी एकाला राग आला, येऊ दिला. नावं मी स्वतः बोलली. आतला एक धरून सात. मी दोनदा मोजले.

नागसेन काटकुळा होता. कोणी सांगितलं नव्हतं तरी त्याने चपला दाराबाहेर काढल्या होत्या. मी आतल्या स्पीकरवरून म्हटलं, ‘‘कागदावरचं वाचा. तीनदा. घाई नाही.’’

हेडफोनमध्ये लगेच आलं, ‘‘आत कोनी नाही. चालू करून द्या.’’

नागसेनचे ओठ हलले नव्हते. मग त्याने श्वास घेतला, मला तो स्पष्ट ऐकू आला, आणि त्याने तेच वाक्य म्हटलं.

दुसरा हेडफोन नूपुरच्या कानाला होता. तिने तो काढून टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले. मी माझा काढला नाही. मी काचेतून पाहत होती. नागसेनने आपली खुर्ची थोडी उजवीकडे सरकवली होती, बसमध्ये कोणी शेजारी बसायला आलं की आपण सरकतो तशी. कागद त्याने तिरपा धरला होता, डावीकडच्यालाही वाचता यावा म्हणून. डावीकडे स्पंज होता. फक्त कागदाचा डावा कोपरा थोडा खाली दबलेला होता, कोणी अंगठ्याने धरल्यासारखा. पंख्यामुळे असेल, असं माझ्या मनात आलं. त्या खोलीत पंखा नाही. आवाज होतो म्हणून मीच लावू दिला नव्हता.

तीनदा झालं. तिसऱ्या वेळी दोघांचे आवाज मला वेगळे करता आले नाहीत.

‘‘नागसेन, कोणाशी बोलून राहिले तुम्ही?’’

‘‘कोनाशीच नाही मॅडम. हे साहेब जसं सांगून राह्यले तसं म्हनून राह्यलो.’’

‘‘कोणते साहेब?’’

त्याने डावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाहुण्याच्या तोंडावर पाहुण्याचं नाव विचारलं तर घरचा माणूस जसा ओशाळतो, तसा ओशाळला.

‘‘तुमचे साहेब जी. ठान्यातबी हेच होते.’’

माझ्या मागे महादेवरावांनी नागसेनची डावीकडची नजर पाहिली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तपास अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘‘झालं का मॅडम? गाडी उभी आहे.’’ त्यांच्या कानाला हेडफोन नव्हता.

मला त्या वेळी जे सुचलं ते एरवीही सुचायला हवं होतं. मी म्हटलं, ‘‘कागद ठेवून द्या. तुमच्या घरचं काही सांगा. काहीही.’’

नागसेन सरिताबद्दल बोलला. तिने गेल्या वर्षी जुनी स्कूटी घेतली होती, ती चालवायला शिकताना तिने शेजाऱ्याचं तुळशीवृंदावन पाडलं आणि स्वतःच जाऊन विटा लावून दिल्या. सांगताना तो एकदा हसला. सहा मिनिटं बोलला. त्या सहा मिनिटांत तो दुसरा आवाज एकदाही आला नाही. मी आलेखाचा प्रत्येक कण तपासला. नागसेनचं स्वतःचं बोलणं आणि फोनवरचा आवाज कुठेच जुळत नव्हते. ते दोन गळे होते, शंभर टक्के.

७

अहवाल मी एका दिवसात लिहिला. फोनवरचा आवाज आरोपीचा नाही. सही, शिक्का.

‘‘मॅडम, त्या ‘अन्य’चं काय लिहायचं?’’ नूपुरने विचारलं. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा त्यावर बोलली.

‘‘काय लिहिणार? खोलीत नसलेला माणूस बोलला, असं? उद्या आपल्या दोघींना मनोरुग्णालयात नेऊन सोडतील.’’

‘‘पण तुम्ही म्हणाल्या होत्या ना, जुनी अकरा आहेत.’’

‘‘ते नंतर पाहू.’’

ती उठून गेली. खरं कारण मनोरुग्णालय नव्हतं, हे तिलाही समजलं असावं. त्या आवाजाबद्दल मी एक ओळ लिहिली असती तर अकरा फाइली उघडाव्या लागल्या असत्या. त्या अकरांवर माझी सही होती. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. नागसेन तर सुटतो आहे, मग झालं, असं मी मनाशी ठरवलं. सांगणाऱ्याचा आवाज मी स्वतःच्या हाताने कापला आणि ‘अन्य’मध्ये टाकला.

मंगळवारी सरिता बाकावर होती. मी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला.

‘‘घरी जा वं. आता येऊ नको. काळजी करायचं काम नाही.’’

तिने रसवाल्याला सांगून माझ्यासाठी ग्लास भरायला लावला. मी घेतला. बर्फ जास्त होता.

८

साक्ष नोव्हेंबरात झाली, दुपारी साडेबाराला. सरिता मागच्या बाकावर बसली होती, मांडीवर कापडी पिशवी, त्यातून नव्या शर्टाची घडी दिसत होती. नागसेन पिंजऱ्यात उभा होता. मी साक्षीदाराच्या कठड्यात गेली. पट्टेवाल्याने शपथ सांगितली, मी त्याच्यामागून म्हटली. असं शेकडो वेळा म्हटलं आहे.

सरकारी वकिलांनी माझं नाव, पद, अनुभव विचारला. मग विचारलं, ‘‘आरोपीचा आवाज आणि फोनवरचा आवाज यांत आपल्याला साम्य आढळलं का?’’

माझं उत्तर तयार होतं. नाही, आढळलं नाही.

‘‘हो, साम्य आढळलं,’’ माझ्या डाव्या कानाजवळ कोणीतरी म्हणालं. मऊ, सभ्य. आधी श्वास नव्हता.

हे कसं होतं ते मी सांगते, कारण ते अकरा जण कधी सांगू शकले नाहीत. जबरदस्ती अजिबात नसते. समोर वाढलेलं ताट यावं तसे शब्द येतात. आपले शब्द शोधायला कष्ट पडतात, हे तयार असतात. आपण नुसता श्वास घ्यायचा.

‘‘हो,’’ मी म्हणाली, ‘‘साम्य आढळलं.’’

मागे बाक करकरला. न्यायाधीशांनी टायपिस्टला माझं वाक्य सांगितलं, त्याने टाइप केलं. नागसेनची वकील उभी राहिली. पोरगी नवीन होती. ‘‘मॅडम, तुमच्या अहवालात नेमकं उलट लिहिलं आहे.’’

‘‘ती टायपिंगची चूक आहे.’’

‘‘ती टायपिंगची चूक आहे,’’ मी म्हणाली.

‘‘तुमची खात्री आहे?’’

‘‘माझी पूर्ण खात्री आहे.’’

‘‘माझी पूर्ण खात्री आहे.’’

तीनदा झालं. मी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. डावीकडे पाहायचं मी टाळत होती. पण कठड्याच्या लाकडावर माझ्या डाव्या हाताच्या पलीकडे जागा होती, आणि तिथे पॉलिशवर ओलसर ठसे उमटत होते. एक, दोन, चार. कोणी बोटं टेकवावीत तसे. ते वाळत नव्हते.

जबानीचा कागद सहीसाठी आला. मी तो वाचला. अक्षरन् अक्षर बरोबर होतं. पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. सही करायची नाही, एवढं मला अजून कळत होतं. हे माझं बोलणं नाही, असं सांगायला मी मान वर केली.

न्यायाधीश चष्म्यावरून पाहत होते. ‘‘काय झालं मॅडम? हे तुम्हीच म्हणालात ना?’’

‘‘हो साहेब, मीच म्हणाली.’’

‘‘हो साहेब, मीच म्हणाली,’’ मी म्हणाली, आणि सही केली.

बाहेर व्हरांड्यात मी खांबाला टेकून उभी होती. महादेवराव नागसेनला हाताला धरून घेऊन आले. सरिता त्यांच्या मागे, पिशवी पोटाशी धरलेली. मला वाटलं तो थुंकेल, निदान शिवी देईल. तेवढा त्याचा हक्क होता. तो माझ्यासमोर थांबला.

‘‘मॅडम, तुमी काई मनाले लावून घेऊ नोका,’’ तो म्हणाला. ‘‘मी तिथून पाहून राह्यलो होतो. ते तुमच्या बाजूले उभं राहून सांगून राह्यले होते ना तुमाले?’’

सरिता माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिला एक शब्द हवा होता. वकील अजून आतच होती, न्यायाधीश उठलेले नव्हते, दार उघडं होतं. मला हो म्हणायचं होतं. मी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि शब्द आधी डाव्या कानाशी येतील म्हणून थांबली.

ह्या वेळी कोणी काही सांगितलं नाही, आणि मीही काही म्हटलं नाही. महादेवराव माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘चाल गा,’’ आणि ते तिघं पायऱ्या उतरून गेले.